फिरकीचा डबा

भोयर सरांनी तपकिरीची चिमूट नाकापाशी नेली होती, ती तिथंच राहिली. पट्टी विजेला किती अडवते ते दाखवणारा मीटरवरचा आकडा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिला, मग चष्मा डोळ्यांवर आणून पाहिला. तारा चुकीच्या तर लागल्या नाहीत ना, असं त्यांनी विचारलं. हर्षानं तारा सोडवून पुन्हा जोडून दाखवल्या. आकडा तोच आला. दिवाळीआधी ज्या पट्टीतून वीज जवळजवळ जातच नव्हती, त्याच पट्टीतून आता ती हजारपट सहज जात होती. दिवाळीच्या सुटीत पट्टीला कुणी हात लावला नव्हता. ती नुसती डब्यात पडून होती.

काचेच्या त्या बोटभर पट्टीवर सोन्याचा पातळ थर होता. सोन्याचा म्हणून सांगितलं तरी कुणाला पटलं नसतं. जांभळाचा रस सांडून वाळावा तसा तो दिसे. सोन्याचे कण फार बारीक झाले की आपला पिवळा रंगसुद्धा टाकून देतात, हे हर्षानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचाही विश्वास बसला नव्हता. त्या प्रत्येक कणाभोवती एका लांब शेपटीच्या रसायनाचे रेणू लवेसारखे चिकटलेले असत. ही लव नसती तर कण एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला असता. आणि लव होती म्हणूनच एका कणावरची वीज दुसऱ्या कणावर जाताना अडखळत होती. कणांवरची ही लव विजेला किती अडवते, हाच हर्षाच्या पीएचडीचा विषय होता आणि भोयर सर तिचे मार्गदर्शक.

हा विषय तिनं वडिलांना समजावला तो कापसावरून. मधुकररावांचं सिंदी रेल्वे या गावी स्टेशनच्या वाटेवर किराण्याचं दुकान होतं. हळद, मेथी, धने सगळंच असे, पण नाव होतं ते खड्या हिंगाचं. लोणच्याच्या दिवसांत सेलूची गिऱ्हाइकं गाडी करून हिंगासाठी येत. गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांनी एकदा विचारलं होतं, “तू वर्ध्याले नेमकी करते तरी काय?”

“बाबा, बाजारात आलेल्या कापसाचा ढीग पाहा,” हर्षा म्हणाली होती. “आत सरकी असते, पण एक सरकी दुसरीले लागत नाई. मधात रुई येते. माह्या सोन्याच्या कणायचं तसंच हाय. रुई जेवढी लांब, तेवढी सरकी दूर.”

“मंग जिनात टाक ना, सरकी मोकळी होईन.”

“जिनात टाकलं तं गोळा होते. रुई काढाची नाई, आखूड कराची हाय.”

मधुकररावांनी थोडा विचार केला आणि म्हणाले की, असा रुई आखूड करणारा जिन कोणी बसवला तर भाव पडून सिंदीच्या व्यापाऱ्यायचं दिवाळं निघन. बाप-लेक दोघंही हसले होते.

डबाही त्यांनीच दिला होता. कॉलेजात ओल्या हवेपासून वस्तू जपायचं काचेचं भांडं होतं, पण त्याच्या झाकणाला तडा गेलेला आणि नव्या भांड्याची मागणी कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. हर्षानं घरी रडगाणं गायलं तेव्हा मधुकरराव माळ्यावर चढले आणि आजोबांच्या वेळचा पितळी डबा घेऊन उतरले. जाड पत्र्याचा, फिरकीच्या झाकणाचा. आजोबा त्यात दुकानातला सगळ्यात किमती माल ठेवत. पाकिटातला माल यायला लागल्यावर तो माळ्यावर गेला होता. मधुकररावांनी चिंच आणि राख घेऊन तो स्वतः घासला, अंगणात उन्हं खाऊ दिली, नाक आत घालून वास घेतला, मग बायकोला, वच्छलाबाईंना, घ्यायला लावला. झाकणाच्या आट्यांत आजोबांनी भरलेलं मेण होतं, त्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. ते मेण म्हणजेच डब्याचा जीव, असं ते म्हणत. झाकण फिरवलं की हवा आत नाही आणि आतलं बाहेर नाही.

अशा डब्यात पट्टी विसावली आणि सुधारली. हर्षानं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. ताजी पट्टी मुकी; डब्यात काही आठवडे ठेवली की बोलकी. मग तिनं आणि भोयर सरांनी मिळून त्याचा अर्थ लावला. कोरड्या, बंद, शांत हवेत कण हळूहळू आपापल्या जागी नीट बसतात, त्यांच्यातलं अंतर कमी होतं आणि वीज वाहू लागते. त्याला त्यांनी ‘विसावा’ असं नाव दिलं. सरांनी पुण्याच्या परिषदेत हा निबंध वाचला. जन्मभर भिंगं आणि आरसे शिकवलेल्या त्या माणसाभोवती निबंध संपल्यावर लोक प्रश्न विचारायला जमले, आणि तिथून परतल्यापासून सर इस्त्रीचा शर्ट घालू लागले. हर्षाचा प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. त्याचं मधलं, सगळ्यात जाड प्रकरण विसाव्याचं होतं. ते काढलं असतं तर प्रबंध म्हणून फार काही उरलं नसतं.

आणि मग पुण्याहून, परिषदेत तो निबंध ऐकलेल्या डॉ. सुलोचना मॅडमची ई-मेल आली.

भाषा अतिशय सभ्य होती. त्यांच्या प्रयोगशाळेत अशाच पट्ट्या उत्तम भांड्यांतून कितीतरी महिने ठेवून पाहिल्या, पण काडीचा फरक पडला नाही. तेव्हा वर्ध्याला येऊन समक्ष पाहावं म्हणते, चालेल ना, असं त्यांनी विचारलं होतं. न लिहिलेला प्रश्न हर्षाला बरोबर ऐकू आला. आकडे कुठून आणलेस मुली?

विभागात बातमी पसरायला वेळ लागला नाही. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं की, सिंदीला सोन्याची खाण निघाली होती म्हणे, आता पुण्याची पार्टी मोजायला येते. हर्षा तिथंच उभी होती. तिनं चहा अर्धा टाकला. शेजारच्या प्रयोगशाळेत काम करणारी ज्योत्स्ना वसतिगृहात तिच्याच खोलीत राही. तिनं समजूत घातली, खऱ्याला कशाला भ्यायचं? हर्षा म्हणाली की, खरं आहे हे मला माहीत आहे, पण का खरं आहे ते मला पुरतं माहीत नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते.

सुलोचना मॅडम आल्या त्या स्वतःच्या पट्ट्या घेऊन. पुण्यात बनवलेल्या, एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या द्रावातून. अर्ध्या पट्ट्या त्यांनी आपल्या काचेच्या भांड्यात ठेवल्या आणि अर्ध्या हर्षाच्या डब्यात. झाकणावरून कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही केली. असं करताना त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण त्यांनी ते केलं. नागपूरला काम आहे, महिनाअखेरीस परत येते, म्हणाल्या.

ते दिवस हर्षानं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. रोज ती कपाटाचं कुलूप उघडून डब्याकडे पाही आणि कुलूप लावी. भोयर सरांची तपकिरीची डबी दोनदा रिकामी झाली. सर तिला काही बोलले नाहीत, पण एकदा जाता जाता थांबले आणि म्हणाले, “हर्षा, आपण तर काही केलं नाही ना?” तिनं मानेनं नाही म्हटलं. आपल्या सरांनाही विचारावं लागलं, हे तिच्या मनातून दिवसभर गेलं नाही.

मॅडम आल्या. सही तपासली, कागद फाडला, झाकण फिरवलं. आधी काचेच्या भांड्यातल्या पट्ट्या मोजल्या. मुक्या. मग डब्यातली पहिली पट्टी हर्षानं चिमट्यानं उचलून तारांखाली ठेवली. मॅडमनी स्वतः तारा लावल्या.

आकडा धाडकन खाली आला. दुसऱ्या पट्टीचाही आला. तिसरीचाही.

भोयर सरांनी खिडकीकडे तोंड करून दोन्ही नाकपुड्यांत तपकीर ओढली. सुलोचना मॅडम स्टुलावर बसल्या, थोड्या वेळानं त्यांनी हर्षाचा हात धरला आणि म्हणाल्या, “मी तुझ्याबद्दल वाईट विचार केला होता. मला माफ कर.” हर्षाचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांचा दगड छातीवरून उतरला आणि तिला वाटलं, आता जाऊन बाबांना फोन करावा की तुमचा डबा जिंकला.

मॅडमनी डब्याचं झाकण सहज उचललं होतं. पुण्याच्या भांड्यापेक्षा हा डबा घट्ट कसा, ते पाहायला. आट्यांतलं मेण त्यांनी नखानं जरासं खरवडलं. मग झाकण नाकापाशी नेलं आणि त्या तशाच थांबल्या.

“यात हिंग ठेवत होतात का?”

“हो,” हर्षा म्हणाली. “पूर्वी. आजोबांच्या वेळी.” हे काही लपवायचं नव्हतंच. कुणी विचारलं नव्हतं आणि तिला सांगावंसं वाटलं नव्हतं इतकंच. “पण घासलाय. वास गेलाय सगळा.”

मॅडमनी झाकण तिच्या हातात दिलं. हर्षानं नाकाला लावलं. पितळ, थोडं मेण. बाकी काही नाही. तिनं पुन्हा, खोल श्वास घेऊन पाहिलं. काही नाही. झाकण भोयर सरांकडे गेलं. सरांनी वास घेतल्यासारखं केलं आणि कबूल केलं की, तपकिरीपायी माझं नाक कधीच गेलंय. तेवढ्यात काय झालं ते पाहायला ज्योत्स्ना दारात आली. मॅडमनी तिला आत बोलावून झाकण पुढं केलं, पण तिनं ते हातात घेतलंसुद्धा नाही.

“हिंग,” ती म्हणाली. “हा वास तर या खोलीत नेहमीच येतो. मला वाटायचं, हर्षाचा...” आणि ती गप्प झाली.

“माझा?” हर्षा म्हणाली.

ज्योत्स्ना खाली पाहत होती. हर्षाला खोलीतली खिडकी आठवली. ती सिंदीहून परत आली की ज्योत्स्ना उठून खिडकी उघडायची. पौषातल्या थंडीतसुद्धा. हिला मोकळी हवा फार लागते बाप्पा, असं हर्षा आईला कौतुकानं सांगत आली होती.

सुलोचना मॅडम हळू आवाजात सांगत होत्या. हिंगाच्या वासात गंधक असतं. गंधकाला सोन्याची विलक्षण ओढ. ते आलं की कणांवरच्या लांब शेपटीच्या रेणूंना ढकलून देतं आणि स्वतः तिथं बसतं. आणि हिंगातले हे रेणू...

“आखूड असतात,” हर्षा म्हणाली. बोलताना आपला आवाज दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा तिला वाटला. “रुई आखूड झाली. सरकी जवळ आली.”

कण नीट बसले नव्हते. विसावा नव्हताच. ते जाड प्रकरण, परिषदेतले प्रश्न, सरांचा इस्त्रीचा शर्ट, हे सगळं आजोबांच्या मेणात मुरलेल्या हिंगावर उभं होतं. आकडे खरे होते आणि तिनं त्यांबद्दल लिहिलेलं प्रत्येक वाक्य खोटं होतं. तिच्यावरचा आळ गेला त्याच मिनिटाला तिचा शोधही गेला. ती भिंतीला टेकली.

निघताना मॅडम एवढंच म्हणाल्या, “काय लिहायचं ते तू ठरव. मी पुढं होऊन कुणाला काही सांगणार नाही.”

त्या गेल्यावर भोयर सरांनी दार लोटलं. त्यांचा चेहरा उतरला होता. प्रबंधात ‘कोरड्या, बंद पात्रात ठेवले’ असं लिहिलेलंच आहे, ते म्हणाले, त्यात खोटं काय? डबा कोरडा होता, बंदही होता. आपण एवढ्या लोकांपुढं बोलून आलो. आता पाच-सहा महिन्यांनी मी रिटायर होतो, तू तुझी डिग्री घे. सरांचा राग यावा असं तिला वाटलं, पण आला नाही, कारण ‘त्यात खोटं काय’ हे वाक्य तिच्याही मनात येऊन गेलं होतं.

शनिवारी ती सिंदीला गेली. डबा मांडीवर होता. जेवणं झाल्यावर तिनं आई-वडिलांना समोर बसवून सगळं सांगितलं. मधुकररावांनी झाकण घेतलं, नाकाला लावलं, वच्छलाबाईंकडे दिलं. त्यांनीही वास घेतला.

“काही वास नाई यात,” मधुकरराव म्हणाले. “त्या बाईले भास झाला असन.”

“बाबा, सगळ्यायले येते. आपल्याले नाई येत. आपल्या घरालेच तो वास हाय. आपल्या कपड्यायले हाय. मले होस्टेलमधी कोणी बोललं नाई, पण माहीत साऱ्यायले होतं.”

ते हसायला गेले आणि थांबले. वच्छलाबाईंनी पदराचं टोक नाकाशी नेलं, मग दुसरं टोक. मधुकररावांची नजर भिंतीवर कुठंतरी होती. मग ते अगदी हळू म्हणाले, “मी वर्ध्याले जातो, नागपूरले जातो. गाडीत गर्दी असली तरी लोकं सरकून मले जागा देतात. मले वाटे, मान देतात.”

हर्षाला वाटलं, आपण हे सांगायला नको होतं. डिग्री गेली असती तरी चाललं असतं.

तिनं काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, “मंग माह्या डब्यानं तुही डिग्री बुडाली का?”

“मले नाई माहीत,” ती म्हणाली. “एक करून पाहा लागते. डबा सोडून द्याचा, काचेच्या बरणीत नुसता हिंग ठेवाचा. तसंच झालं तं मंग कारण सापडलं असं म्हणता येईन.”

मधुकरराव उठले. अंधारातच दुकान उघडून त्यांनी सगळ्यात चांगल्या हिंगाचा खडा निवडला. सोमवारी सकाळी तो घेऊन ते स्वतः तिच्याबरोबर निघाले. गाडीत बाकावरची एक बाई खिडकीकडे सरकली आणि तिनं पदर नाकावर घेतला. मधुकररावांनी ते पाहिलं. त्या रिकाम्या जागेवर ते बसले नाहीत.

प्रयोगशाळेत हर्षानं नवी काचेची बरणी घेतली, तिच्यात ताजी पट्टी ठेवली, तारा बाहेर काढल्या, आणि वडिलांनी पुडी सोडून खडा आत टाकल्यावर झाकण लावून मेणानं बंद केलं. शेजारी तशीच दुसरी बरणी ठेवली, हिंगाशिवाय. भोयर सर आले. हर्षानं त्यांना विचारलं नव्हतं, नुसतं कळवलं होतं. ते थोडे बाजूला उभे राहिले. मधुकररावांनी त्यांना नमस्कार केला आणि आपणहूनच दोन पावलं मागं सरकले. असे मागं सरकलेले वडील हर्षानं कधी पाहिले नव्हते.

आधी काहीच झालं नाही. चहा झाला. सरांचे वर्गावरचे दोन तास घेऊन झाले. दुपारी कधीतरी हिंगाच्या बरणीचा आकडा हलला, थांबला आणि मग जो उतरू लागला तो थांबेना. दुसऱ्या बरणीचा जागचा हलला नाही. संध्याकाळपर्यंत तिघंही मीटरसमोर स्टुलं ओढून बसले होते. मधुकरराव आता मागं सरकायचं विसरले होते.

“म्हणजे या काचेले वास येऊन राह्यला,” ते म्हणाले.

“हो, बाबा.”

“अन् मले येत नाई.”

“मलेही नाई येत,” भोयर सर म्हणाले. वर्गात ते असं कधी बोलत नसत. आकडा पुन्हा उतरला. सरांनी तपकिरीची डबी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि न उघडताच खिशात टाकली. “हर्षा, ते प्रकरण काढून टाक,” ते म्हणाले. “नवं लिही. डबा, मेण, हिंग, सारं लिही. पुण्याले मी कळवतो. निबंध मीच वाचला होता, चुकलो म्हणून सांगणंही मलेच भाग हाय.”

“डिग्रीले उशीर होईन, सर.”

“होईन.”

ते अजूनही मीटरकडेच पाहत होते. पुण्याच्या लोकांपुढं चूक कबूल करायची या भीतीनं त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि तरी त्यांना नजर काढवत नव्हती. हर्षाचंही तसंच झालं होतं. सोन्याच्या कणांवरची डोळ्यांना कधी न दिसणारी लव समोर बदलत होती आणि तिला समोरच्या हिंगाच्या खड्याचा वाससुद्धा कळत नव्हता.

वडिलांना सोडायला ती स्टेशनावर गेली. गाडी भरलेली होती. मधुकरराव डब्यात चढले तशी बाकावरची माणसं नेहमीप्रमाणे सरकली आणि एका माणसापुरती जागा झाली. हर्षानं खिडकीतून हात करून त्यांना बसायला सांगितलं. त्यांनी मानेनं नाही म्हटलं. ते दारापाशी, वाऱ्याला तोंड करून उभे राहिले, आणि गाडी हलली तरी ती जागा रिकामीच होती.